स्पॅनिश जुनी घरं आणि फर्निचर शिकायचंय? सुरुवात मुदेहारपासून करा

स्पेनमध्ये जुन्या इमारती, इंटिरिअर आणि फर्निचरचा अभ्यास करायला यायचंय, काय तयारी करू असं बरेच जण विचारतात, बहुतेक आर्किटेक्चर नाहीतर इंटिरिअर केलेली मुलं असतात, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

गॉथिक, रेनेसाँ, बरोक असा सालवार तक्ता पाठ करून येऊ नका. इथे तो फार पुढे नेत नाही, कारण मुस्लिम राज्यकर्ते जाऊन ख्रिश्चन आले तरी सुतारकी, गिलावा, टाइल्स हे काम कितीतरी काळ जुन्याच मुस्लिम परंपरेतल्या हातांकडे राहिलं, आणि त्यातूनच मुदेहार शैली आली. सेव्हियाच्या आल्कासार या राजवाड्यात कॅस्टिलचा राजा पेद्रो याच्या महालाचा दर्शनी भाग बघा. राजा ख्रिश्चन, आणि भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइल्समध्ये कूफी या कोनदार अरबी लिपीत ‘अल्लाहशिवाय कोणी विजयी नाही’ हे ग्रॅनडाच्या सुलतानांचं ब्रीद, भोवती स्पॅनिशमध्ये राजाचं नाव! त्यात साल १४०२ लिहिलंय पण महाल १३६४ चा आहे, कारण तेव्हाच्या स्पॅनिश कालगणनेतून ३८ वजा करावे लागतात. जुने लेख वाचताना हे कायम लागतं.

आत राजदूतांच्या दालनात वर सोनेरी लाकडी घुमट आहे, १४२७ चा, दिएगो रुईसने केलेला, एकमेकींत गुंफलेल्या पट्ट्यांच्या चांदण्यांचा. त्याचे फोटो काढून काही कळत नाही. वही, कंपास, पट्टी घ्या आणि आठ टोकांची एक चांदणी स्वतः काढा, मग तिच्या रेषा लांबवत शेजारची काढा, पट्ट्या कुठे एकमेकींच्या वरून जातात कुठे खालून ते कळायला लागतं आणि मग तीच भूमिती टाइल्सवर, दारांवर, फर्निचरवर सगळीकडे ओळखू येते. माझ्या मते याहून चांगला होमवर्क नाही.

फर्निचरमध्ये आधी बार्गेन्यो शिका. बाहेरून पेटीच दिसते, बऱ्याचदा अक्रोडाच्या लाकडाची, उचलून न्यायला बाजूंना लोखंडी कड्या, पुढे जाळीदार लोखंडी पत्रे आणि त्यांच्या खाली लाल मखमल. खालच्या स्टँडमधून दोन दांडे बाहेर ओढायचे, त्यांच्या टोकांना शिंपला कोरलेला असतो, आणि पुढचं झाकण त्यावर टेकवलं की लिहायचं टेबल तयार. आतमध्ये मात्र कप्पेच कप्पे, हाडाचं जडावकाम, मुलामा दिलेले छोटे खांब. पण सावध राहा, १९ व्या शतकाच्या शेवटी आणि २० व्याच्या सुरुवातीला जुन्या पद्धतीचे बार्गेन्यो ढिगाने बनले, त्यामुळे आधी कप्पा बाहेर काढून मागचे सांधे आणि तळाची झीज बघा, नक्षी नंतर.

तसंच घर वापरलं कसं जायचं हेही वाचा. बायकांसाठी खोलीत एस्त्रादो नावाचा बुटका लाकडी चौथरा असायचा, वर गालिचे आणि उशा, अगदी आपल्या गादी-तक्क्याच्या बैठकीसारखा, आणि ही पद्धत १७ व्या शतकातही चालू होती. कातडं ताणून मोठ्या खिळ्यांनी ठोकलेल्या फ्रायलेरो खुर्च्यांवर बसायचे ते पुरुष. हे माहीत नसेल तर त्या काळची बुटकी टेबलं, छोट्या पेट्या कोणासाठी होत्या तेच समजत नाही.

प्रबंधाला विषय हवा असेल तर मराठी मुलांना एक जवळचा आहे. १७ व्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांसाठी हस्तिदंत जडवलेली कप्प्यांची कपाटं बनत होती आणि १५८० ते १६४० स्पेन-पोर्तुगालचा राजा एकच होता, म्हणून ही कपाटं आणि बार्गेन्यो यांची तुलना करा, भरपूर काम आहे त्यात.

माद्रिदला असाल तर सजावटी कलांचं राष्ट्रीय संग्रहालय सोडू नका, तिथे १८ व्या शतकातलं वलेन्सियाचं टाइल्सचं अख्खं स्वयंपाकघर मांडलंय. ग्रॅनडाच्या आल्हाम्ब्रा किल्ल्याचं तिकीट मात्र आधीच काढा, तिथल्या नासरी सुलतानांच्या महालांत जायची वेळ तिकिटावर ठरलेली असते आणि ती चुकली तर आत सोडत नाहीत.