मतदार यादीत नाव टिकवायचं कसं, आणि आपल्या नावावर दुसराच मत देऊन गेला तर काय करायचं

व्होटर कार्ड पाकिटात आहे म्हणजे मत पक्कं, असं समजून निवांत बसू नका. कार्ड नसेल तर आधार, पासपोर्ट, लायसन्स, पॅन यातलं काहीही चालतं, पण यादीत नाव नसेल तर कार्ड दाखवून कितीही वाद घातला तरी आत सोडत नाहीत. आणि यादी पक्की होते ती मतदानाच्या बऱ्याच आधी, उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीपुरतं नाव घालणं-काढणं बंद. म्हणून हे सगळं निवडणूक नसताना करायचं.

निवडणूक आयोगाच्या साइटवर कार्डावरचा एपिक नंबर टाकून नाव शोधा. नावाने शोधायला गेलात तर डोकं फिरतं, सुनीताचं सुनिता झालेलं असतं, आडनाव आधी आलेलं असतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव असतं, आणि आपण मात्र नावच उडालं म्हणून बोंब मारत बसतो. सापडलं की भाग क्रमांक आणि अनुक्रमांक मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. नेट जमत नसेल तर १९५० ला फोन करा, नाहीतर आपल्या भागाचा बीएलओ, म्हणजे बूथच्या यादीचं काम बघणारा कर्मचारी गाठा, बऱ्याचदा तो शाळेतला मास्तर किंवा अंगणवाडी ताईच असते.

आता फॉर्म. नवीन नाव घालायला ६ नंबर. १८ वर्षं पूर्ण झाली का हे आता फक्त १ जानेवारीला नाही, तर एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या १ तारखेलाही बघतात, आणि १७ पूर्ण असेल तर आधीच अर्ज टाकता येतो. घर बदललं, लग्न होऊन मुलगी सासरी गेली, नावात चूक आहे, या सगळ्याला ८ नंबर. इथेच लोक घोळ घालतात, पुण्यात फ्लॅट घेतला की परत ६ नंबर भरतात, मग गावाला एक नाव आणि इथे एक. दुबार मतदार म्हणून ओरड होते त्यातले कितीतरी असेच तयार झालेले असतात, चोरी करायची कुणाच्या मनातही नसते. पण फॉर्मवर खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद आहे, तेव्हा गंमत नाही.

७ नंबरचा फॉर्म मात्र नीट समजून घ्या. तो नाव काढायचा, आणि तुमचं नाव काढा असा अर्ज त्याच मतदारसंघातला दुसरा मतदारही करू शकतो. पण हा माणूस इथे राहत नाही म्हणून नाव काढायचं असेल तर आधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. नोटीस आली तर कचऱ्यात टाकू नका, लाइट बिल वगैरे घेऊन सुनावणीला जा. तरीही नाव काढलं तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथेही नाही झालं तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. तोंडी तक्रारीला काही किंमत नसते, लेखी द्या आणि पोच घ्या.

मतदानाच्या दिवशी वेळ संपताना तुम्ही रांगेत असाल तर मत देता येतं, कितीही वाजू देत. पगारी सुट्टी हा कायद्याने दिलेला हक्क आहे, बॉस उपकार करत नाही. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या मशीनच्या काचेत चिठ्ठी ७ सेकंद दिसते, तेवढं थांबून बघा.

आणि समजा बूथवर गेलात आणि ऐकलं की "तुमचं मत तर झालंय". तर घरी यायचं नाही. शाई नसलेलं बोट दाखवा आणि केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागा, टेंडर व्होट म्हटलं तरी कळतं. ते दोन-चार प्रश्न विचारून ओळख पटवतील, यादीवर सही घेतील आणि कागदी मतपत्रिका देतील, मशीन नाही. ती वेगळ्या पाकिटात सीलबंद होते आणि मोजणीच्या दिवशी मोजत नाहीत. मग उपयोग काय? तर आपल्या नावावर बोगस मत पडलं याची सरकारी नोंद राहते, आणि निकाल कोर्टात गेला की तीच कामी येते. २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला, आणि हायकोर्टातल्या याचिकेत या टेंडर मतांचाच मुद्दा आला. याचिका फेटाळली गेली ते वेगळं, पण तेव्हा चिडून तसेच घरी गेलेल्यांची तर कुठे नोंदच नाही.

राहिलं महापालिका-झेडपीचं. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेचीच फोडून प्रभागवार करतात, आणि फोडताना अख्खी सोसायटी शेजारच्या प्रभागात जाऊन पडल्याचे प्रकार होतात. प्रारूप यादी लागली की आपलं नाव कुठल्या प्रभागात आहे ते बघा आणि चुकलं असेल तर हरकतीच्या मुदतीतच अर्ज टाका, ती मुदत थोडक्या दिवसांची असते आणि तेव्हा टीव्हीवर फक्त तिकीट कुणाला मिळालं एवढंच चालू असतं.