एटीव्हीचं इंजिन उघडण्याआधी कॉम्प्रेशन मोजा

एटीव्ही (चार चाकांची ऑफ-रोड गाडी) चढाला दम टाकायला लागली, सकाळी चालू व्हायला वेळ घ्यायला लागली, की निकाल ठरलेलाच असतो: 'रिंगा गेल्या', म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या झिजल्या. लगेच बोर-पिस्टनचा खर्च सांगितला जातो आणि इंजिन खाली उतरतं. माझं कळकळीचं सांगणं आहे की त्याआधी अर्धा तास काढून कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलेंडरमध्ये हवा किती दाबतो ते, गेजने तपासा. हीच लक्षणं नुसत्या टाईट टॅपेटमुळेही (व्हॉल्व्हची फट कमी झाल्यानेही) दिसतात, आणि ते काम फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि दोन पान्यांत होतं.

म्हणून सुरुवात टॅपेटपासून. इंजिन पूर्ण थंड असताना व्हॉल्व्हची फट मॅन्युअलप्रमाणे जुळवून घ्या. फट उरली नसेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, हवा निसटते आणि गेजवरचा आकडा उगाच कमी येतो.

मग एअर फिल्टर काढा आणि फिल्टर ते कार्बोरेटर या रबरी नळीच्या आतून स्वच्छ बोट फिरवा. आपल्या बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडची उन्हाळ्यातली तांबडी धूळ फार बारीक असते. बोटाला तिची पूड लागली, तर फिल्टर फाटलेला आहे किंवा क्लिप ढिली आहे. ही धूळ तेलात मिसळून पॉलिश पेपरसारखी सिलेंडर घासते. हे भोक बुजवल्याशिवाय नवा पिस्टन घातला, तर तोही तसाच झिजणार.

आता प्रत्यक्ष मोजणी. गाडी पाचेक मिनिटं चालवून इंजिन गरम करा आणि बंद करा. स्पार्क प्लगभोवतीची माती हवेने उडवा, नाहीतर प्लग काढताच ती सिलेंडरमध्ये पडते. प्लग काढून त्याच्या कॅपमध्येच ठेवा आणि भोकापासून लांब इंजिनच्या धातूला टेकवा. जवळ ठिणगी पडली तर पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर इंजेक्टरचा कनेक्टर काढा. गेजचा आटा प्लगच्या आट्याशी जुळायला हवा, १०, १२ की १४ मिमी ते आधी पाहा. गाडी न्यूट्रलला, ब्रेक दाबलेला, बॅटरी पूर्ण चार्ज. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर मारा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत थांबा. साधारण पाच ते आठ ठोके पुरतात. ॲक्सिलरेटर बंद ठेवून घेतलेला आकडा खोटाच. बरेच जण इथेच फसतात.

काटा कसा चढतो हेही बघा. पहिल्या ठोक्याला कमी आणि मग हळूहळू वाढत गेला, तर संशय रिंगांवर. सुरुवातीपासून कमीच आणि फारसा हललाच नाही, तर व्हॉल्व्हवर.

आकडा वाचताना आपली उंची विसरू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण आठ टक्के कमी असतो. समुद्रकाठी १५० पीएसआय (दाबाचं एकक) दाखवणारं धडधाकट इंजिन इथे १३८ च्या आसपास दाखवेल. चोर्ला घाट उतरून गोव्यात तोच गेज लावला तर आकडा वाढलेला दिसेल. इथला कमी आकडा म्हणजे झीज नव्हे. दुसरं म्हणजे बऱ्याच एटीव्हींच्या कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) डीकॉम्प्रेसर असतो. स्टार्टरचं ओझं कमी करायला तो व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतो. अशा काही इंजिनांत काहीही बिघडलेलं नसताना आकडा शंभराच्या आतच येतो. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय कुणाच्याही म्हणण्यावर इंजिन उघडू नका.

कमी आकडा आला की खरा उलगडा दुसऱ्या मोजणीत होतो. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल, साधारण ५ मिली, आत सोडा. दोन-चार ठोके फिरवून पुन्हा मोजा. तेल रिंगांच्या फटी तात्पुरत्या भरतं. आकडा चांगलाच वर गेला, तर रिंगा किंवा सिलेंडर झिजलंय. जागचा हलला नाही, तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट (सिलेंडर आणि त्यावरच्या हेडमधलं सील) बघा. उलट पहिलाच आकडा मॅन्युअलपेक्षा जास्त आला, तर पिस्टनवर कार्बन साचला असण्याची शक्यता मोठी.

अजून खात्री हवी असेल, किंवा डीकॉम्प्रेसरमुळे आकड्यावर भरवसा नसेल, तर लीक-डाऊन टेस्ट करा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावायचा. कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑईल टाकायच्या भोकातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेट. हवेच्या जोराने क्रँक (पिस्टन फिरवतो तो मुख्य दांडा) गर्रकन फिरू शकतो, तेव्हा त्यावर पाना अडकवून ठेवू नका.

धुरालाही अर्थ असतो. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिल्यावर निळा धूर आला, तर व्हॉल्व्ह सील. चढाला ओझ्याखाली सतत येत असेल, तर रिंगा.

सगळं रिंगांकडेच बोट दाखवत असेल, तर मात्र सिलेंडर उतरवा. बेळगावच्या उद्यमबागेत बोअरिंगची कामं करणारी मशीन शॉप आहेत. तिथे जाताना ओव्हरसाईज (मूळ मापापेक्षा किंचित मोठा) पिस्टन आधी हातात घेऊन जा; बोअर त्या पिस्टनच्या मापाने कापायचा असतो. सिलेंडरला आतून निकासिलचं (निकेलचा कठीण थर) कोटिंग असेल तर साधा रीबोअर चालत नाही, ते आधीच विचारून घ्या. काम होऊन रनिंग-इन (नव्या भागांचा सुरुवातीचा जपून वापर) संपलं की गरम इंजिनवर पुन्हा मोजा आणि तो आकडा तारखेसह सीटखाली लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुलना त्याच आकड्याशी करायची.