कण्यात स्टिम्युलेटर बसवला आहे आणि एमआरआय करायचा आहे? या चुका टाळा

पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरही न हटणाऱ्या वेदनेसाठी किंवा मधुमेहामुळे पायांच्या नसांत होणाऱ्या असह्य जळजळीसाठी ज्यांच्या शरीरात स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर (बॅटरीला जोडलेल्या तारेतून मज्जारज्जूला सौम्य विद्युत संकेत देऊन वेदना कमी करणारे यंत्र) बसवलेला आहे, त्यांच्यावर पुढे कधीतरी गुडघ्याचा, मेंदूचा किंवा पुन्हा पाठीचाच एमआरआय करण्याची वेळ येऊ शकते. तो करता येईल का, याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. बॅटरीचे मॉडेल, तारेचे मॉडेल आणि लांबी, तारेचे टोक कण्यात कुठे आहे, मशीन किती टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप) आहे आणि शरीराचा कोणता भाग तपासायचा आहे, हे सारे एकत्र पाहूनच ते ठरते. बहुतेक चुका यांपैकी एकच गोष्ट पाहून निर्णय घेतल्यामुळे होतात.

‘रिमोटने बंद केला आहे, आता चालेल’

हा सर्वांत धोकादायक समज आहे. एमआरआय मशीन चित्र मिळवण्यासाठी शरीरात रेडिओलहरी सोडते. त्यांची वारंवारता १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये सुमारे ६४ मेगाहर्ट्झ, तर ३ टेस्लाच्या मशीनमध्ये सुमारे १२८ मेगाहर्ट्झ असते. स्टिम्युलेटरची लांब धातूची तार या लहरींसाठी अँटेनासारखी वागते आणि त्यातून निर्माण होणारी उष्णता तारेच्या टोकाशी, म्हणजे मज्जारज्जूला अगदी लागून असलेल्या इलेक्ट्रोडपाशी एकवटते. या तापण्याचा बॅटरी चालू आहे की बंद, याच्याशी जवळपास संबंध नाही. म्हणूनच ज्यांची बॅटरी काढून टाकली आहे पण तार आतच राहिली आहे, अशा रुग्णांनी ‘आता माझ्यात यंत्र नाही’ असे सांगणे ही तितकीच गंभीर चूक ठरते. शंका असल्यास आधी साधा एक्स-रे काढून आत तार किंवा तारेचा तुकडा उरला आहे का, हे पाहावे.

ज्या उपकरणांत ‘एमआरआय मोड’ असतो, त्यांत तो सुरू करणे म्हणजे नुसते बंद करणे नव्हे. अनेक मॉडेलांमध्ये त्या वेळी तारांचा विद्युत अवरोध (विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध) तपासला जातो. तो बिघडलेला असेल तर तार तुटलेली असण्याची शक्यता असते आणि उपकरण स्कॅनसाठी अपात्र ठरते. बॅटरी उतरलेली असल्यास हा मोड सुरू करता येत नाही, म्हणून चार्ज होणारी बॅटरी आदल्या रात्री चार्ज करून ठेवावी.

‘कार्डावर एमआरआय चालतो असे लिहिले आहे’

इम्प्लांट कार्डावरची (बसवलेल्या उपकरणाच्या ओळखपत्रावरची) पिवळ्या त्रिकोणाची खूण म्हणजे अटींसह परवानगी. सरसकट सुरक्षित असल्याची खूण हिरवा चौकोन असते, आणि ती या उपकरणांना मिळत नाही. अटी मॉडेलनुसार बदलतात. काहींना फक्त डोक्याचा स्कॅन चालतो, काहींना संपूर्ण शरीराचा. काहींना फक्त १.५ टेस्ला, काहींना ३ टेस्लाही. शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा सामान्य पद्धतीत संपूर्ण शरीरासाठी प्रति किलो २ वॅट असते, पण काही मॉडेलांना त्याहून कमी मर्यादा लागते. बॅटरी एका कंपनीची आणि तार दुसऱ्या कंपनीची, मध्ये जोडणीचा तुकडा, अशी रचना असेल तर कार्डावरचे आश्वासन सहसा लागू होत नाही. म्हणून बॅटरीचे आणि तारेचे, दोन्ही मॉडेल क्रमांक हवेत. ‘अमुक कंपनीचा आहे’ एवढ्याने तंत्रज्ञाला काहीही ठरवता येत नाही.

कमी टेस्लाचे, उघड्या बाजूंचे मशीन आपोआप अधिक सुरक्षित असते, हा समज सुशिक्षित घरांतही आढळतो. टेस्ला बदलले की लहरींची वारंवारता बदलते आणि कोणत्या लांबीची तार जास्त तापेल हेही बदलते. उपकरणाची चाचणी १.५ टेस्लाच्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये झाली असेल, तर ०.३ टेस्लाच्या मशीनमध्ये ते कसे वागेल याची हमी त्या चाचणीतून मिळत नाही.

गुडघ्याचा स्कॅन आहे, पाठीचा काय संबंध, असेही विचारले जाते. गुडघ्यावर बसवलेली कॉइल (रेडिओलहरी सोडणारे किंवा टिपणारे वेटोळे) अनेकदा फक्त संकेत ग्रहण करते. लहरी सोडण्याचे काम मशीनच्या आत बसवलेली मोठी कॉइल करते, आणि त्या लहरी पाठीतल्या तारेपर्यंतही पोहोचू शकतात. कोणती कॉइल वापरणार, हे तंत्रज्ञाला जरूर विचारावे.

अपॉइंटमेंट घेताना आणि स्कॅनच्या दिवशी

‘पाठीचे ऑपरेशन झाले आहे’ असे मोघम सांगू नये. ते ऐकून समोरच्या माणसाच्या मनात टायटॅनियमचे स्क्रू येतात आणि त्यांचे नियम वेगळे आहेत. फोनवरच स्टिम्युलेटर असल्याचे सांगून इम्प्लांट कार्डाचा फोटो पाठवावा, म्हणजे रेडिओलॉजिस्टला त्या मॉडेलची एमआरआय सूचनापुस्तिका आधी पाहता येते. स्टिम्युलेटरची तात्पुरती चाचणी सुरू असून तारा त्वचेबाहेर आलेल्या असतील, तर त्या काळात एमआरआय करू नये.

रिमोट आणि चार्जर मशीनच्या खोलीत कदापि नेऊ नयेत. मशीनचा चुंबक स्कॅन नसतानाही चालूच असतो आणि लोखंडी वस्तू खेचून घेतो. २०१८ साली मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर या खोलीत नेल्यामुळे एका माणसाचा जीव गेला होता.

स्कॅनदरम्यान पाठीत किंवा बॅटरीच्या जागी चटका, झिणझिण्या किंवा ओढ जाणवली, तर सहन न करता तंत्रज्ञाला बोलावण्यासाठी हातात दिलेला रबरी बल्ब लगेच दाबावा. सौम्य उब वाटणे नेहमीचे असले तरी तेही सांगावे. रुग्णाला बोलता येणे हीच येथे मोठी सुरक्षा आहे, त्यामुळे गुंगीचे औषध शक्यतो टाळलेले बरे.

उपकरण अपात्र ठरले, तर सीटी, मायलोग्रामसह (मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात रंगद्रव्य सोडून केलेला) सीटी किंवा सोनोग्राफीने काम भागेल का, हे डॉक्टरांना विचारावे. मात्र लघवी अडणे किंवा पायांतील बळ अचानक जाणे अशी लक्षणे असतील, तर कागदपत्रे शोधत घरी न थांबता थेट रुग्णालय गाठावे.

स्कॅननंतर

एमआरआय मोडमधून बाहेर येऊन उपचार पुन्हा सुरू करायचे राहून जाते आणि रुग्णाला वाटते की यंत्र बिघडले. आधी मोड तपासावा. तरीही वेदना पूर्वीसारखी कमी होत नसेल किंवा झिणझिण्यांची जागा बदललेली असेल, तर स्वतः तीव्रता वाढवत न बसता तारांची तपासणी करून घ्यावी. दुखते म्हणून फिजिओथेरपीच्या दवाखान्यात डायथर्मीचा (यंत्रातील लहरींनी शरीराच्या आत उष्णता देणारा) शेक मात्र घेऊ नये: त्यातील ऊर्जाही तारेतून टोकाशी पोहोचते, आणि अशा रुग्णांना तो देऊ नये असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) २००२ मध्येच दिलेला आहे.