पराभव संवत्सराचं गोचर घरच्या घरी मांडायचं तर

वार्षिक राशिभविष्य वाचण्यापेक्षा गोचर, म्हणजे वर्षभरात ग्रह कोणत्या राशीतून जातात ते, मांडायला शिका, असं मी घरात सगळ्यांना सांगते. मी ज्योतिषी नाही. नाशिकला शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, आणि पंचांग बघायची सवय सासऱ्यांकडून लागली. ग्रह कधी कुठे असणार हे गणित आहे, ते चुकत नाही. त्याचं फळ काय, ही परंपरा आहे; ती किती मानायची ते ज्याचं त्याने ठरवावं. पण निदान गणिताचा भाग तरी दुसऱ्याच्या तोंडून कशाला ऐकायचा?

वर्षाचा विचार करताना चंद्र, बुध, शुक्र, रवी, मंगळ बाजूला ठेवा. त्यांची धावपळ महिन्याच्या भविष्याला. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं राहतो, राहू-केतू दीड वर्ष, गुरू वर्षभर. वर्षाला रंग येतो तो यांच्यामुळे.

जन्मपत्रिकेतून चंद्ररास काढा आणि चंद्राचे अंशही टिपून घ्या. नावरास नको. पाळण्यातलं नाव एक आणि हाक मारायची भलतीच, असा निम्म्या घरांतला प्रकार असतो. पंचांग मात्र वर्षभर एकच वापरा. दाते आणि टिळक पंचांगांचे अयनांश, म्हणजे राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची त्याचे अंश, वेगळे, त्यामुळे राश्यंतराच्या तारखा जुळत नाहीत. व्हिडिओवाले परदेशी ज्योतिषी तर सायन राशी धरतात, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या. त्यांचा शनी फेब्रुवारी 2026 मध्येच मेषेत गेला. आपल्या निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून राशी मोजणाऱ्या, पंचांगात तो मीनेतच आहे. फरक चोवीस अंशांचा. माझी जाऊ दोन्हीकडचं ऐकते आणि दुप्पट काळजी करते.

आता कागदावर चार रकाने आखा: तारीख, ग्रह, आपल्या राशीपासून कितवा, आणि चौथा कोरा. शके 1948, पराभव संवत्सर, 19 मार्च 2026 च्या पाडव्याला सुरू होतं. चित्रापक्षाप्रमाणे, म्हणजे चित्रा तारा धरून अयनांश काढणाऱ्या दाते पंचांगाच्या पद्धतीने, मुख्य नोंदी अशा. शनी वर्षभर मीनेत, जुलैच्या शेवटी वक्री (उलटा चालताना दिसतो), डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मार्गी (पुन्हा सरळ). गुरू पाडव्याला मिथुनेत, 2 जूनला, म्हणजे अधिक ज्येष्ठातच, कर्केत, आणि 31 ऑक्टोबरला सिंहेत. राहू कुंभेत आणि केतू सिंहेत, ते नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला मकर-कर्केत सरकतात. तारीख मागेपुढे होते ती राहू मध्यम (सरासरी गतीचा) धरला की स्पष्ट (प्रत्यक्ष), यावरून.

मग मोजा. आपली रास म्हणजे एक, पुढची दोन. मीनेतला शनी कुंभेला दुसरा, मीनेला पहिला, मेषेला बारावा. म्हणून या तिघांना साडेसाती. धनूला चौथा आणि सिंहेला आठवा, ती पनौती. तिसरा, सहावा, अकरावा शनी चांगला मानतात. म्हणजे मकर, तूळ, वृषभ. इथे बहुतेक लोक पंचांग मिटतात. खरी मजा पुढे आहे.

साडेसाती साडेसात वर्षं सारखीच जाचते असं कोणी म्हणालं तर त्याला अंश विचारा. माझ्या भाच्याचं उदाहरण घ्या. रास मीन, चंद्र 17 अंशांवर. राशीचे तीस अंश असतात आणि शनी मार्गी असताना दिवसाला जेमतेम पाच-सात कला सरकतो (साठ कला म्हणजे एक अंश). पंचांगातल्या स्पष्टग्रहांच्या कोष्टकात शनीच्या रकान्यावर बोट ठेवून खाली जायचं. मे महिन्याच्या उत्तरार्धात तो 17 अंशांवर येतो. साडेवीसच्या आसपास जाऊन थांबतो, वक्री होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा 17 वर. मागे पावणेचौदापर्यंत जाऊन मार्गी होतो आणि फेब्रुवारी 2027 मध्ये तिसऱ्यांदा त्याच जागी. भाच्याच्या कागदावर शनीच्या ओळी या तीन, बाकीचे महिने मोकळे. घराच्या कर्जाचे कागद या तीन खिडक्यांत दोनदा वाचून सही कर, एवढंच मी त्याला सांगितलं. ज्या मीनवाल्यांचा चंद्र तीन-चार अंशांवर आहे त्यांच्यावरून शनी गेल्या वर्षीच जाऊन आला. त्यांनी यंदा उगाच तेल घालत फिरू नये. स्वतःचा चंद्र मीनेत 14 ते 20 अंशांमध्ये असेल तर कोष्टक नीट बघा.

गुरूला मी इतका वेळ देत नाही. चंद्रराशीपासून दुसरा, पाचवा, सातवा, नववा, अकरावा असेल तेव्हा गुरुबळ. लग्न ठरवणारे हेच विचारतात. कर्केतला गुरू मिथुन, मीन, मकर, वृश्चिक आणि कन्येला बळ देतो. शिवाय कर्क ही त्याची उच्च रास, म्हणून सगळीकडे ढोल वाजणार. पण जुलैच्या मध्यापासून साधारण महिनाभर गुरूचा अस्त आहे, रवीच्या जवळ गेल्यामुळे. मंगलकार्याच्या तारखा बघताना हे विसरू नका, आणि अधिक महिनाही. उन्हाळ्यातले मुहूर्त त्यानेच आटलेत.

31 ऑक्टोबरची तारीख आम्हा नाशिककरांना कोणी सांगायला नको. गुरू सिंहेत आला की सिंहस्थ, त्या दिवशी रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी ध्वजारोहण. मग अमृतस्नान थेट 2 ऑगस्ट 2027 ला का, असं पाहुणे विचारतात. कोष्टक बघा: गुरू डिसेंबरमध्ये वक्री होतो, जानेवारी 2027 च्या अखेरीस पुन्हा कर्केत जातो आणि सिंहेत पक्का बसतो तो पुढच्या जूनमध्ये. तुमच्या कागदावरही हे असंच लिहा. गुरू नोव्हेंबर ते जानेवारी एका घरात, आधी-नंतर मागच्या घरात. सिंहेतल्या गुरूवर भरवसा ठेवून एखादं काम काढणार असाल तर ते जानेवारीच्या आत उरका, नाहीतर जूनपर्यंत थांबा.

राहू-केतूची फक्त घरं लिहून ठेवा. हर्षल (युरेनस), नेपच्यून, प्लुटो यांचं काय? हर्षलला एक फेरी घ्यायला 84 वर्षं लागतात, नेपच्यूनला 165 आणि प्लुटोला 248. तुमच्या वर्गातल्या सगळ्या मुलांना ते एकाच राशीत. 20 फेब्रुवारी 2026 ला शनी-नेपच्यून युती झाली, मीनेच्या साडेसहा अंशांवर. अशी युती साधारण 36 वर्षांनी होते, आधीची 1989 मध्ये. तिच्यावरून जगाचं भविष्य सांगणारे सांगोत. तुमच्या कागदावर ती लिहायची ती तुमचा चंद्र किंवा पत्रिकेतलं लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारा अंश) त्या अंशाच्या एक-दोन अंश आत असेल तरच.

शेवटी पत्रिकेतली चालू महादशा, म्हणजे सध्या कोणत्या ग्रहाचा काळ चालू आहे ते, वरच्या कोपऱ्यात लिहा. दशा शनीची असेल तर शनीच्या ओळी ठळक करा, नसेल तर पेन्सिलीतच राहू द्या. शनीसाठी नीलमचा खडा वगैरे कोणी सुचवला तर आधी त्याला तुमच्या चंद्राचे अंश विचारा. सांगता आले नाहीत तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

चौथा रकाना त्या त्या तारखेनंतर भरायचा, वेगळ्या शाईने: खरंच काय झालं ते. काहीच झालं नसेल तर "काही नाही" असं लिहायचं. रकाना रिकामा ठेवायचा नाही.