मानवतावादी मानसशास्त्र : त्रिकोणापासून पोपटपंचीपर्यंतच्या चुका टाळा

माणसाच्या वाढण्याच्या क्षमतेवर भर देणारा मानवतावादी दृष्टिकोन म्हटला की बहुतेकांना मास्लोचा त्रिकोण आठवतो, आणि पहिली गडबड तिथेच होते. मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लोने गरजांची उतरंड, म्हणजे माणसाच्या गरजांच्या एकावर एक पायऱ्या, १९४३ मध्ये एका लेखात मांडली. त्या लेखात त्रिकोण नाही, तो पुढे इतरांनी काढला. चित्र पाहून वाटतं की खालची पायरी पुरती भरल्याशिवाय वर पाऊल टाकता येत नाही. मास्लो लिहितो ते वेगळंच. सर्वसाधारण माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, आत्मसन्मानाच्या ४० आणि आत्मसिद्धीच्या (आपल्यातल्या क्षमता पुरत्या वापरण्याच्या) १० टक्के भागलेल्या असाव्यात, असं तो सांगतो. म्हणजे सगळंच एकाच वेळी अर्धंमुर्धं. (हे आकडे त्याने समजावण्यापुरते मनाने घेतले होते. उत्तरपत्रिकेत ते संशोधनाचा निष्कर्ष म्हणून लिहू नका.) क्रम उलटू शकतो, हेही त्याने मान्य केलं होतं.

याच दृष्टिकोनातून समुपदेशन करणारा मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स याच्या बाबतीत चूक जास्त महागात पडते, कारण ती खऱ्या माणसासमोर होते. त्याने सांगितलेला 'विनाअट स्वीकार' म्हणजे समोरच्याच्या प्रत्येक कृतीला मान डोलावणं, असा अर्थ नवे समुपदेशक काढतात. कुणी सांगितलं, "काल मी मुलावर हात उचलला." यावर "होतं असं कधी कधी" म्हणणं हा स्वीकार नाही, ती सारवासारव आहे. शिवाय त्या माणसाला वाटत असलेली शरमही त्यात झाकली जाते. "हे सांगताना तुमचा आवाज खाली गेला" असं म्हटलं, तर मारण्याला होकार न देता माणूस स्वीकारता येतो.

दुसरी सवय पोपटपंचीची. "मला कंटाळा आलाय." "तुम्हाला कंटाळा आलाय." असं तीनदा झालं की समोरचा घड्याळाकडे बघू लागतो. रॉजर्सच्या दृष्टीने, ऐकलेलं परत बोलून दाखवायचं ते आपल्याला नीट कळलंय का हे तपासण्यासाठी. त्यामुळे त्या वाक्यात थोडा प्रश्न असायला हवा आणि चूक दुरुस्त करून घ्यायची तयारीही.

हा दृष्टिकोन अशास्त्रीय आहे, हा आक्षेपही सरसकट करू नये. रॉजर्सने सत्रं ध्वनिमुद्रित करून अभ्यासली आणि १९४२ च्या पुस्तकात एका केसची सत्रं शब्दशः छापली. संकल्पना मोजायला अवघड आहेत, ही टीका मात्र रास्त आहे.

आता सत्र अडलं तर काय पाहायचं? १९५७ च्या लेखात रॉजर्सने बदलासाठी सहा अटी दिल्या. पाठ्यपुस्तकांत त्यातल्या तीनच गाजल्या : समुपदेशकाचा खरेपणा, विनाअट स्वीकार आणि समानुभूती (समोरच्याचं जग त्याच्या नजरेतून समजून घेणं). सहावी अट बहुतेक जण विसरतात : हा स्वीकार आणि ही समानुभूती समोरच्यापर्यंत थोडी तरी पोचायला हवी. आपण कितीही आपुलकीने ऐकत असू, त्याला ते जाणवलं नाही तर गाडी हलत नाही. अशा वेळी नवं तंत्र शोधू नका. "मला तुमचं म्हणणं कळतंय असं वाटतं का तुम्हाला?" असं सरळ विचारा. उत्तर "नाही" आलं, तर लगेच स्वतःची बाजू मांडू नका. काय निसटलं ते त्यालाच सांगू द्या.