सुट्टीच्या घराची अनामत परत मागताना

महामारीमुळे सुट्टीसाठी घेतलेले घर रद्द करावे लागले की बहुतेक लोक घरमालकाला ‘आमचे पैसे परत द्या’ एवढेच कळवतात, आणि मागणी तिथेच दुबळी होते, कारण त्या ‘पैशांत’ दोन वेगळ्या रकमा मिसळलेल्या असतात. एक असते आगाऊ भाडे. दुसरी अनामत, म्हणजे घरातील वस्तू मोडली, विजेचे बिल थकले किंवा किल्ली हरवली तर भरपाई करून घेता यावी म्हणून मालकाकडे ठेवलेली रक्कम. ज्या घराच्या उंबऱ्यात कोणी पाऊलच ठेवले नाही, तेथे मोडतोडीचा प्रश्न येत नाही. म्हणून भाड्याबद्दल वाद होऊ शकला, तरी अनामत अडवून ठेवायला सहसा आधार उरत नाही. पहिल्याच पत्रात हे दोन आकडे वेगळे लिहावेत.

हे मला अनुभवाने कळले. 2020 साली देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली ती 25 मार्चला, नेमकी गुढीपाडव्याच्या दिवशी. सांगलीच्या माझ्या बहिणीने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यासाठी काणकोण तालुक्यात आगोंद येथे एक घर ठरवले होते आणि 15,000 रुपये आगाऊ भाडे व 10,000 रुपये अनामत भरली होती. मी फोंड्याला राहत असल्याने पैशांचे बोलणे माझ्याकडे आले. मालकाने फोनवर सांगितले, ‘पुढच्या वर्षी या, पैसे कुठे जात नाहीत.’ त्याचाही हंगाम बुडाला होता, त्यामुळे त्याच्या अडचणीबद्दल मला राग नव्हता. पण बहिणीला पुढच्या वर्षी येता येईल की नाही हे कोणीच सांगू शकत नव्हते. दोन्ही रकमा वेगळ्या करून लेखी मागणी केल्यावर अनामत पूर्ण आणि भाडे निम्मे परत मिळाले. पहिल्या फोनवर मी सगळे पैसे एकत्र मागितले नसते, तर दोन महिने वाचले असते असे मला आजही वाटते.

मागणीचा पाया तारीख आणि कारण यांवर उभा राहतो. मुक्कामाच्या दिवसांत सरकारी आदेशाने प्रवासच बंद असेल, तर भारतीय करार अधिनियम, 1872 मधील कलम 56 चा आधार घेता येतो. करार केल्यानंतर तो पार पाडणे अशक्य झाले तर तो रद्दबातल होतो, आणि कलम 65 प्रमाणे अशा करारातून मिळालेला लाभ परत करावा लागतो. मात्र सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली एनर्जी वॉचडॉग प्रकरणात स्पष्ट केले आहे की करार पाळणे केवळ जड किंवा महाग झाले म्हणून हे कलम लागू होत नाही. 2 जुलै 2020 पासून गोव्याने पर्यटकांना अटींसह पुन्हा येऊ दिले. त्यानंतरच्या मुक्कामाचे बुकिंग कोणी केवळ भीतीपोटी रद्द केले असेल, तर ती भीती कितीही खरी असली तरी भाड्याचा दावा बराच कमजोर ठरतो. करारातच महामारीची अट लिहिलेली असेल तर आधी ती अट पाहिली जाते, म्हणून बुकिंगचा मूळ संदेश एकदा शब्दशः वाचावा.

‘रद्द केल्यास रक्कम परत मिळणार नाही’ असे छापलेले असले तरी खचून जाऊ नये. त्याच अधिनियमाच्या कलम 74 नुसार करार मोडल्याबद्दल मिळणारी भरपाई वाजवीच असावी लागते. रद्द झालेले दिवस मालकाने दुसऱ्याला दिले असतील तर त्याचे नुकसान कमी ठरते, म्हणूनच ते दिले का हे नम्रपणे विचारावे.

पत्र छोटे असावे. बुकिंगची तारीख, मुक्कामाचे दिवस, भरलेल्या दोन्ही रकमा, व्यवहार क्रमांक, त्या दिवशी लागू असलेला आदेश आणि रक्कम देण्यासाठी 15 दिवसांची मुदत, एवढे पुरते. उदाहरणार्थ: ‘महोदय, आम्ही घराचा ताबा घेतलेला नाही, त्यामुळे अनामत रक्कम रुपये 10,000 पूर्ण परत करावी. आगाऊ भाडे रुपये 15,000 बाबत आपण केलेला प्रत्यक्ष खर्च दाखवल्यास तो वजा करण्यास आमची हरकत नाही.’ हे दुसरे वाक्य आवर्जून लिहावे, कारण त्यामुळे मालकाला मान राखून मागे येता येते. पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवावे आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवरही द्यावा. मालकाने पुढच्या वर्षीचा मुक्काम देऊ केला, तर भाड्यापुरता तो स्वीकारता येईल, पण दर आणि शेवटची तारीख लिहून घ्यावी. अनामतीच्या बदल्यात मात्र तो घेऊ नये.

बुकिंग संकेतस्थळावरून झाले असेल तर मालकाआधी तेथे अर्ज करावा, कारण पैसे अनेकदा त्यांच्यामार्फतच दिलेले असतात. घरे भाड्याने देणाऱ्या एअरबीएनबी या संकेतस्थळाने 14 मार्च 2020 पर्यंत बुक केलेल्या आणि 14 एप्रिलपर्यंत सुरू होणाऱ्या मुक्कामांना सुरुवातीला पूर्ण परतावा देऊ केला होता. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे कार्डावरून गेलेली रक्कम बँकेमार्फत परत मिळवण्याची, मागणी लवकर नोंदवावी, त्याची मुदत थोडी असते.

उत्तरच आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. गोव्यात उत्तरेसाठी तो पर्वरीला आणि दक्षिणेसाठी मडगावला आहे, पण ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 प्रमाणे तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येते. म्हणजे सांगलीच्या माणसाने मडगावच्या फेऱ्या मारण्याची गरज नाही. दिलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील देणे सक्तीचे नाही. मुदत दोन वर्षांची असते. सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला होता, पण तशी सवलत पुन्हा मिळेल असे धरून चालू नये.

रक्कम खात्यात जमा झाल्यावर मालक बहुधा ‘सर्व हिशेब पूर्ण’ असे लिहून मागतो. केवळ अनामत मिळाली असेल तर पावतीत ‘फक्त अनामत मिळाली, भाड्याचा हिशेब बाकी’ असेच लिहावे.