डेटाबेसवर काम करताना संगणक अचानक बंद पडत असेल तर

सर्वप्रथम डेटाबेस बंद करून त्याच्या फाइलची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. दुरुस्तीचा कोणताही प्रयोग त्याआधी करू नये, कारण वर्षानुवर्षांच्या नोंदी एकदा गेल्या की त्या परत मिळवणे फार कठीण असते. त्यानंतर नेमके काय बंद पडते ते पाहावे. केवळ ॲक्सेससारखा (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम) प्रोग्राम बंद होत असेल, तर दोष बहुधा फाइलमध्ये असतो. ॲक्सेसच्या फाइलला २ जीबीची मर्यादा आहे आणि नोंदी पुसल्या तरी तिचा आकार आपोआप घटत नाही, म्हणून फाइल आटोपशीर करून दुरुस्त करणारी ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ ही ॲक्सेसमधील सोय वापरावी, तीही आधी प्रतीवर.

संपूर्ण संगणकच बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर सॉफ्टवेअरला दोष देण्याची घाई करू नये. मोठी क्वेरी (डेटाबेसमधून माहिती शोधण्याची आज्ञा) चालू असताना प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांवर एकाच वेळी ताण येतो आणि एरवी लपून राहिलेला हार्डवेअरचा दोष तेव्हाच उघड होतो. संगणकातील घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसल्यास संगणक रीतसर बंद झाला नव्हता एवढेच कळते, कारण कळत नाही. ते शोधण्यासाठी ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ने रॅम तपासावी, पंख्यांवरची धूळ काढावी आणि शक्य असल्यास दुसरा पॉवर सप्लाय लावून पाहावा. डिस्कबद्दल शंका असेल, तर ‘सीएचकेडीएसके’ (CHKDSK, डिस्क तपासणारी विंडोजची आज्ञा) चालवण्यापूर्वी, सुरुवातीला घेतलेली प्रत उघडते का, हे दुसऱ्या संगणकावर अवश्य पडताळावे.